परागंदा : शनिवारवाडा ते ब्रह्मावर्त

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. १७३० च्या जानेवारीत पहिल्या बाजीरावाने वाड्याचा पाया घातला तेव्हा मराठ्यांचे सारे मनसुबे त्याच दिशेचे होते. शिंदे, होळकर, पवार तिकडे गेले ते मुलूख जिंकायला. त्यांच्यामागून कारकून गेले, शिलेदार गेले, भटजी आणि सावकार गेले. ग्वाल्हेर, इंदूर, धार, झाशी, सागर इथे मराठी वस्त्या झाल्या. घर सोडले तरी ही माणसे बेघर नव्हती. पाठीशी पुणे होते, आणि पाठवलेल्या पत्राला पुण्याहून उत्तर येत होते.

१८१८ साली त्याच दिशेला आणखी एक काफिला गेला. त्याला परत येण्याची बंदी होती.

या दुसऱ्या प्रवासाची आठवण आपण एका शब्दात गुंडाळून ठेवली आहे : 'पळपुटा'. दुसऱ्या बाजीरावाला हे विशेषण इतके घट्ट चिकटले आहे की त्याच्याबरोबर गेलेली हजारो माणसे त्याआड दिसेनाशी झाली. ती पळाली नव्हती. त्यांच्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे, परागंदा. तो फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ विखुरलेला. लढाई किंवा लूट झाली, दुष्काळ पडला की जुन्या पत्रांतून रयत 'परागंदा' झाल्याचे वाचायला मिळते. देश सुटून जगभर पांगलेल्या समाजांसाठी आज विद्वान जो ग्रीक शब्द वापरतात, त्या 'डायस्पोरा'चा अर्थही विखुरणे, बी विखुरावे तसे विखुरणे, असाच आहे. ज्यू, आर्मेनियन, पॅलेस्टिनी यांच्या कहाण्या आपण या नावाखाली वाचतो. शनिवार पेठेतून निघालेली कहाणी त्याच जातीची आहे, आणि ती पुण्याने नीट सांगितलेली नाही असे मला वाटते.

बाजीरावाचा जन्मच मुळी घराबाहेरचा. वडील रघुनाथराव नारायणरावाच्या खुनानंतर पुण्याला पारखे झाले होते. आई आनंदीबाई धारच्या किल्ल्यात असताना १७७५ च्या जानेवारीत हा मुलगा जन्मला. त्याचे बालपण आणि तारुण्य पुणे दरबाराच्या नजरकैदेत गेले. आधी गोदाकाठी, मग शिवनेरीवर. डिसेंबर १७९६ मध्ये तो पेशवा झाला तेव्हा माणसांवर विश्वास टाकायला तो कुठे शिकला असेल? त्याच्या कारभारातला संशय, खुनशीपणा आणि धरसोड यांचे समर्थन करता येत नाही. विठोजी होळकराला त्याने पुण्यात हत्तीच्या पायी दिले, आणि त्याचा सूड घ्यायला यशवंतराव होळकर चालून आला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या रानात पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. इंग्रजी पलटणींच्या बळावर तो पुण्याला परतला, पण गादी आता भाड्याची झाली होती.

होळकरांच्या वास्तव्यात पुण्याची लूट झाली. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. पुणेकर पांगायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. १८१८ हे त्या पांगण्याचे टोक आहे.

पुढची पंधरा वर्षे बाजीराव शनिवारवाड्यात फारसा राहिलाच नाही. नारायणरावाच्या रक्ताची आठवण त्या भिंतींना होती. त्याने विश्रामबागवाडा बांधला आणि तिथे मुक्काम केला. जुलै १८१५ मध्ये बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. आळ पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला, आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनला हवे ते निमित्त मिळाले. त्रिंबकजी ठाण्याच्या तुरुंगातून निसटला. जून १८१७ मध्ये पुण्याच्या तहाने पेशव्यांच्या हातून मुलूख, किल्ले आणि मराठी मंडळाचे पुढारपण काढून घेतले. आता लढाई टळणार नव्हती.

ती ५ नोव्हेंबरला खडकीवर झाली. पेशव्यांची फौज चाल करून आली ते दृश्य ग्रँट डफने डोळ्यांनी पाहिले. खंबायतच्या आखातात भरतीची लाट अंगावर येते, तसे ते होते असे त्याने लिहून ठेवले आहे. बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. बापू गोखले घोड्यावर होते. सैन्य कितीतरी पट मोठे असूनही दिवस इंग्रजांचा ठरला. १६ तारखेला येरवड्याच्या बाजूने इंग्रजी फौज पुढे सरकली, त्या रात्री पेशव्यांनी पुणे सोडले, आणि दुसऱ्या दिवशी बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लावले. शहरात मोठी कत्तल झाली नाही, आग लागली नाही. मुठेच्या घाटांवर, ओंकारेश्वरापाशी आणि अमृतेश्वरापाशी लोक रोजच्यासारखे स्नानाला आले असतील. काय झाले हे पुण्याला कळायला वेळ लागला.

मग सुरू झाली ती साडेसहा महिन्यांची धावाधाव : माहुली, पंढरपूर, जुन्नरकडची बाजू, कोरेगाव, पुन्हा दक्षिणेकडे. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर लढाई संपली, फक्त पाठलाग उरला. बाजीराव वऱ्हाडाकडे वळला, चांद्याच्या वाटेवर अडला, एप्रिलमध्ये शिवणीजवळ त्याला पुन्हा मार बसला. मे अखेरीस तो अशीरगडाजवळ धूळकोटला पोचला तेव्हा त्याच्याभोवती चारही बाजूंनी पलटणी होत्या.

समोर होता जॉन माल्कम. त्याने घातलेल्या अटी थोड्या आणि स्पष्ट होत्या. बाजीरावाने आपला आणि वारसांचा राज्यावरचा हक्क सोडावा. पुन्हा दख्खनमध्ये पाऊल टाकू नये. हिंदुस्थानात, म्हणजे उत्तरेत, एखाद्या तीर्थक्षेत्री जाऊन राहावे. वर्षाला आठ लाखांहून कमी नाही इतके पेन्शन मिळेल. ३ जून १८१८ च्या सकाळी बाजीराव माल्कमच्या तळावर आला.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली आणि माल्कमला तिचे समर्थन करत बसावे लागले. मला या तहात आठ लाखांपेक्षा दख्खनबंदी महत्त्वाची वाटते. पराभूत राजाला मारले तर तो हुतात्मा होतो, घरी ठेवले तर त्याच्याभोवती माणसे जमतात. त्याला दूर नेऊन पोटगीवर बसवावे हे तंत्र त्या काळात इंग्रजांनी घोटून तयार केले. नेपोलियनला १८१५ साली सेंट हेलेनाला पाठवले. कँडीच्या राजाला १८१६ मध्ये सिंहलद्वीपातून वेल्लोरला आणले. पुढे साताऱ्याचे प्रतापसिंह १८३९ मध्ये काशीला गेले, वाजिद अली शाह लखनौहून कलकत्त्याला, बहादूरशाह दिल्लीहून रंगूनला. आणि १८८६ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला आपल्याच रत्नागिरीत आणून ठेवले. तो १९१६ मध्ये तिथेच वारला. समुद्राकाठचा थिबा पॅलेस पाहायला आपण सहलीला जातो. तसाच एक वाडा आपलाही कुठे तरी होता, हे तिथे उभे असताना फारसे कोणाच्या मनात येत नाही.

शरणागतीनंतर लगेचच एक प्रसंग घडला. बाजीरावाच्या पदरचे अरब शिपाई थकलेल्या पगारासाठी अडून बसले आणि त्यांनी आपल्याच धन्याला वेढले. त्यांची समजूत काढायला माल्कमला मध्ये पडावे लागले. पेशवाईची अखेर रणांगणावर झाली असे आपण म्हणतो, पण धन्याचे मीठ आणि शिपायाची तलवार यांचा करार मोडला तो अशा एका पगाराच्या तंट्यात.

मग नर्मदा ओलांडून काफिला उत्तरेला लागला. कप्तान लो देखरेखीला होता. बाजीरावाला काशी किंवा मथुरा हवी होती. कंपनीला ती दोन्ही नको होती, कारण तिथे यात्रेकरूंची दाटी आणि मराठ्यांची जुनी ऊठबस. शेवटी ठरले कानपूरजवळचे बिठूर, गंगेच्या उजव्या काठावरचे. कानपूरला कंपनीची मोठी छावणी होती, त्यामुळे नजर ठेवायला ते सोयीचे. आणि हिंदूंच्या लेखी ते ब्रह्मावर्त, ब्रह्मदेवाने यज्ञ केला ते स्थान. वाल्मीकींचा आश्रम इथलाच असे तिथले लोक मानतात. म्हणजे रामाने सोडलेली सीता जिथे राहिली, लव-कुश जिथे वाढले, तीच ही जागा. १८१९ च्या सुरुवातीला हद्दपार पेशवे तिथे पोचले.

पुण्यापासून बाराशे किलोमीटरहून दूर असलेल्या त्या गावात पुढची बत्तीस वर्षे एक छोटे पुणे नांदले. बाजीरावाला करमुक्त जहागीर मिळाली. तिच्या हद्दीत कंपनीच्या अदालतींचा अंमल पुढे उठवण्यात आला. वाडा झाला, देवळे झाली, घाट बांधले गेले. दक्षिणा, अनुष्ठाने, श्रावणातली ब्राह्मणभोजने चालू राहिली. त्याच्याबरोबर आणि त्याच्यामागून आलेली काही हजार माणसे होती : आश्रित, पुजारी, आचारी, पागेवाले, कारकून आणि त्यांची बायकामुले. घरात मराठी, बाजारात हिंदुस्थानी. नदीला मुळा-मुठा म्हणायची सवय असलेल्या बायकांनी गंगेवर धुणी धुतली. प्रतुलचंद्र गुप्त यांनी बिठूरच्या इंग्रज कमिशनरांच्या कागदांवरून या काळाचा इतिहास लिहिला आहे. त्यात दिसते ती देखरेख, पैशांची कुरकुर, भेटीगाठींवरची बंधने. स्वयंपाकघरे त्या दप्तरात नाहीत. हद्दपारीत टिकते ते मात्र स्वयंपाकघरात आणि देवघरात टिकते.

पेशवे घराण्याच्या बाकीच्या फांद्याही उत्तरेतच रुजल्या. अमृतराव, रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, बाजीरावाच्या आधीच पेन्शन घेऊन निघाले होते. काशीच्या गणेश घाटावर त्यांनी देऊळ बांधले. त्यांचे पुत्र विनायकराव चित्रकूटजवळ कर्वीला राहिले, तिथली गणेशबाग त्यांची. धाकटा भाऊ चिमाजी आप्पा काशीत स्थायिक झाला. त्रिंबकजी डेंगळे मात्र चुनारच्या किल्ल्यात कैदेत. बिशप हेबरने १८२४ मध्ये त्याला तिथे पाहिले. १८२९ मध्ये तो तिथेच मेला.

आता या पांगलेल्या बियांचे पीक पाहा. चिमाजी आप्पाच्या पदरी मोरोपंत तांबे होते. त्यांची मुलगी मणिकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, काशीत जन्मली, आणि आप्पा वारल्यावर तांबे बिठूरला आले. येवल्याचे पांडुरंगराव टोपे बाजीरावाच्या आश्रयाला गेले. त्यांचा मुलगा रामचंद्र, ज्याला जग तात्या टोपे म्हणते. कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव भट निर्वाहासाठी बिठूरला गेले. त्यांचा मुलगा धोंडोपंत बाजीरावाने जून १८२७ मध्ये दत्तक घेतला. तेच नानासाहेब. १८५७ ची तीन ठळक नावे एका हद्दपार दरबाराच्या अंगणातून आली. त्यांतल्या एकाचेही बालपण पुण्यात गेले नव्हते. पुण्याच्या राज्याचे ज्यांनी पुन्हा नाव घेतले, त्यांना ते राज्य फक्त वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून माहीत होते.

बाजीरावाने स्वतः कंपनीशी वैर धरले नाही. अफगाण युद्धात तिजोरी आटली तेव्हा त्याने कंपनीला पाच लाख दिले, शीख युद्धाच्या वेळी माणसे देऊ केली. १८३९ मध्ये मृत्युपत्र करून त्याने नानासाहेबांना वारस नेमले. २८ जानेवारी १८५१ रोजी तो गेला, आणि डलहौसीच्या सरकारने पेन्शन बंद केले. पेन्शन माणसाला होते, घराण्याला नव्हते, असे उत्तर आले. बाजीरावाने मागे ठेवलेली शिल्लक कुटुंबाला पुरेशी आहे असेही सांगितले गेले. कुटुंब म्हणजे किती माणसे, याचा विचार त्या उत्तरात नव्हता. आठ लाखांवर फक्त पेशवे जगत नव्हते. ती सबंध वसाहत जगत होती.

नानासाहेबांनी आपला वकील अझीमुल्ला खान याला लंडनला धाडले. त्याच शहरात त्याच्या आधी सुमारे चौदा वर्षे साताऱ्याचे रंगो बापूजी छत्रपतींची बाजू मांडत खेपा घालत होते. दोघेही रिकाम्या हातांनी परतले. परतताना अझीमुल्ला क्रिमियाच्या युद्धभूमीवर डोकावला. सेव्हास्टोपोलसमोर अडकलेले इंग्रज त्याने पाहिले. पत्रकार रसेलने ती भेट लिहून ठेवली आहे.

जून १८५७ मध्ये कानपूरच्या पलटणी उठल्या, आणि १ जुलैला बिठूरला नानासाहेबांना पेशवेपद देण्यात आले. ज्या गादीचे आसन शनिवार पेठेत होते तिचा हा शेवटचा अभिषेक गंगेकाठी झाला. त्याच्या आगेमागे जे घडले तेही लिहिलेच पाहिजे. २७ जूनला सतीचौरा घाटावर, सुरक्षित जाऊ देण्याचे वचन घेऊन नावांत बसलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १५ जुलैला बीबीघरात सुमारे दोनशे बायकामुले मारली गेली. हुकूम कोणाचा, हा वाद तज्ज्ञांचा आहे. मारलेल्यांबद्दल वाद नाही. इंग्रजांनी घेतलेला सूडही तितकाच आंधळा होता, आणि तो गावोगाव पसरला.

बिठूरचा वाडा त्या सुडात गेला. डिसेंबरमध्ये होप ग्रँटच्या सैनिकांनी विहिरी उपसून त्यांत बुडवलेला खजिना काढला आणि उरलेसुरले जमीनदोस्त केले. लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला पडल्या. तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फाशी दिली. नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब पेशवे यांना १८६२ मध्ये. नानासाहेब आणि बाजीरावाच्या विधवा नेपाळच्या तराईत शिरल्या. पुण्याहून बिठूर, बिठूरहून नेपाळ. हद्दपारांची ही दुसरी हद्दपारी होती, आणि या वेळी पेन्शन नव्हते, वाडा नव्हता, होता तो हिवताप. नानासाहेबांचा शेवट कुठे झाला ते नक्की झालेच नाही. इंग्रज इतके धास्तावलेले होते की १८७४ मध्येही ग्वाल्हेरला एकाला नानासाहेब म्हणून धरले, आणि तो भलताच निघाला.

या सगळ्या धामधुमीत कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे फिरत होते. डोक्यावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार म्हणून ते दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले होते. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. आपण तो झाशीच्या वेढ्यासाठी वाचतो. मी तो स्थलांतराचे पुस्तक म्हणूनही वाचतो. पेशवाई गेली आणि दक्षिणेचा मोठा आश्रय आटला. आश्रय उत्तरेला सरकला तशी विद्याही त्याच्या मागोमाग निघाली. राजा हद्दपार होतो तेव्हा त्याच्यावर जगणारे लोक हुकुमाशिवायच हद्दपार होतात. गोडसे भटजी गंगाजलाची कावड घेऊन घरी परतले. सगळे परतले नाहीत.

आणि पुणे? दरबार उठल्यावर शिपाई, कारकून, सोनार, पागेदार यांचे काम गेले. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात दक्षिणेच्या पैशांतून पाठशाळा सुरू झाली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत तलवारीचे शहर शाळा-छापखान्यांचे झाले. शनिवारवाड्याच्या काही भागांत तुरुंग आणि दवाखाना आले. फेब्रुवारी १८२८ मध्ये वाडा जळाला. पुण्याने नवे आयुष्य शोधले हे त्याचे श्रेय. ते शोधताना उत्तरेला गेलेल्यांना मात्र त्याने विसरून टाकले.

काशी त्यांना विसरली नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी घरे टिकली, त्यांनी हिंदीला माणसे दिली. 'आज'चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर १८८३ मध्ये काशीतल्या मराठी घरात जन्मले, आणि हिंदी वृत्तपत्रसृष्टी त्यांना आपल्या घडवणाऱ्यांत गणते. बिठूरलाही १८५७ नंतर मूठभर मराठी घरे उरली. तिथे नानासाहेबांचे स्मारक आहे. तिथे जाणाऱ्या पुणेकरांची संख्या थिबा पॅलेस पाहणाऱ्यांपेक्षा फार कमी असावी.

म्हणून एक विनंती. पेठांतल्या जुन्या घरांत कुलवृत्तांत आहेत. त्यांत एखाद्या पूर्वजाच्या नावापुढे 'उत्तरेत गेले' एवढेच लिहून रेघ ओढलेली सापडते. काही घरांत माळ्यावर मोडीतली पत्रे अजून आहेत. ती फेकू नका, रद्दीत घालू नका. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, शनिवारवाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. पत्रे तिथे दाखवा. काशी-प्रयागला गेलात तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपले आडनाव शोधा. आणि कानपूरला कधी जाणे झालेच, तर एक दिवस हाताशी ठेवून बिठूरला जा.